तेरचं कापड रोमला जायचं त्या काळातला बादशहा, आणि त्याच्या ताटातली अळंबी

दोन-तीन दिवसांची झड लागून उघडीप मिळाली की धाराशिव जिल्ह्यात बांधावर, उकिरड्याच्या कडेला, येडशी-रामलिंगच्या जंगलात कुजलेल्या पाल्यातून छत्र्या वर येतात. बहुतेक लोक त्यांना कुत्र्याची छत्री म्हणतात आणि लाथेने उडवून पुढे जातात. काही घरांत मात्र वारुळावरची अळंबी खुडून आणतात आणि तिचं कालवण होतं. खायची कोणती आणि जीव घेणारी कोणती हे घरात एखाद्यालाच कळतं, बाकीचे त्याच्या भरवशावर जेवतात.

हा भरवसा किती महाग पडू शकतो, याचं इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे रोमन सम्राट क्लॉडियस. ब्रिटनपासून इजिप्तपर्यंत ज्याचं राज्य होतं, तो माणूस इसवी सन ५४ मध्ये अळंबीचं ताट पुढे ओढून बसला आणि दुसऱ्या दिवशी उठला नाही.

रोम कुठं आणि धाराशिव कुठं, असं वाटेल. पण हा काळ आपल्या जिल्ह्याला परका नाही. साधारण याच सुमाराला ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. पेरिप्लस नावाने हा ग्रंथ ओळखला जातो. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर असल्याची नोंद आहे. तिथून साधं कापड, तलम मलमल असा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायचा आणि पुढे जहाजाने पश्चिमेला. हे तगर म्हणजे तेरणा नदीकाठचं तेर. आज आपण ते संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून ओळखतो.

म्हणजे इकडे तेरचे विणकर रोमच्या बाजारासाठी माग चालवत होते, तेव्हा तिकडे गादीवर जो बसला होता त्याची ही गोष्ट.

क्लॉडियसचा जन्म इसवी सनापूर्वी १० मध्ये १ ऑगस्टला, आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात झाला. घराणं रोममधलं पहिल्या नंबरचं. आजी लिव्हिया ही सम्राट ऑगस्टसची बायको, आईचे वडील म्हणजे क्लिओपात्राच्या गोष्टीतला मार्क अँटनी, आणि थोरला भाऊ जर्मानिकस रोमचा लाडका सेनापती. एवढ्या सगळ्यात क्लॉडियस मात्र लंगडत चालायचा, बोलताना अडखळायचा, चिडला की तोंडातून लाळ गळायची, मान हलायची. जन्मदात्या आईने त्याला अर्धवट ठरवलं होतं. दुसऱ्या कुणाला मूर्ख म्हणायचं झालं तर ती आपल्याच पोराची उपमा द्यायची. आजी त्याच्याशी धड बोलत नसे, निरोप पाठवायची.

या पोराला चारचौघांत बसवावं की घरातच ठेवावं, यावर ऑगस्टसने लिव्हियाला पत्रं लिहिली. त्यातल्या एका पत्रात मात्र त्याला आश्चर्य वाटलेलं दिसतं. एरवी धड वाक्य न बोलणारा हा मुलगा भाषण म्हणायला उभा राहिला की इतकं स्वच्छ कसं बोलतो, हे त्याला उमगेना. उत्तर कुणी शोधलं नाही. त्याला लोकांच्या नजरेआड ठेवायचं ठरलं.

नजरेआड राहिलेल्या क्लॉडियसने पुस्तकं धरली. इतिहासकार लिव्हीने त्याला लिहितं केलं. त्याने इट्रुस्कन लोकांचा इतिहास वीस भागांत लिहिला, कार्थेजचा आठ भागांत, शिवाय फाशांच्या खेळावर एक पुस्तक लिहिलं. यातलं एकही आज शिल्लक नाही. इट्रुस्कन भाषा पुढे मेली आणि ती आजही नीट समजत नाही, त्यामुळे ते वीस भाग हरवणं हे त्याच्या खुनापेक्षा मोठं नुकसान आहे असं भाषेचे अभ्यासक मानत असतील तर त्यांचं चुकत नाही.

ऑगस्टसनंतर तिबेरियस आला. त्याने क्लॉडियसला कुठलंही खरं पद दिलं नाही. मग पुतण्या कॅलिग्युला आला. त्याने त्याला कॉन्सल केलं खरं, पण दरबारात त्याची चेष्टा हाच करमणुकीचा कार्यक्रम होता. जेवताना डुलकी लागली की पाहुणे त्याला खजुराच्या आणि ऑलिव्हच्या बिया फेकून मारायचे. याच काळात घराण्यातले हुशार, देखणे, लोकप्रिय पुरुष एकेक करून विषाने, तलवारीने किंवा उपासमारीने संपत गेले. मूर्ख समजला गेलेला तेवढा वाचला.

२४ जानेवारी ४१ रोजी कॅलिग्युलाला त्याच्याच अंगरक्षकांनी राजवाड्यातल्या बोळात भोसकलं. आरडाओरडा ऐकून क्लॉडियस पडद्यामागे लपला. एका शिपायाला पडद्याखालून पाय दिसले, त्याने ओढून बाहेर काढलं. क्लॉडियसने जीव वाचवण्यासाठी त्याचे पाय धरले आणि शिपायाने त्याला सम्राट म्हणून मुजरा केला. अंगरक्षकांना कुणीतरी राजा हवाच होता, नाहीतर त्यांच्या पगाराचं काय? क्लॉडियसने प्रत्येकाला १५ हजार सेस्टर्स द्यायचं कबूल केलं आणि वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ज्याला घरच्यांनी पंगतीला बसवायला लाज मानली होती, तो जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्याचा मालक झाला.

आणि कारभार त्याने चांगला केला. इसवी सन ४३ मध्ये ब्रिटन जिंकायला फौज पाठवली. स्वतः तिथे जाऊन १६ दिवस राहिला, सोबत हत्तीही नेले होते. ज्युलियस सीझरला जे जमलं नव्हतं ते याच्या नावावर जमा झालं. रोमला धान्य समुद्रातून यायचं आणि हिवाळ्यात वादळाच्या भीतीने जहाजं निघायची नाहीत. त्याने ओस्टियाजवळ नवं बंदर बांधायला घेतलं आणि हिवाळ्यात जहाज बुडालं तर व्यापाऱ्याचं नुकसान सरकार भरून देईल असं जाहीर केलं. शहराला पाणी आणणारे दोन मोठे कालवे ५२ मध्ये पूर्ण केले. गॉलमधल्या लोकांना सिनेटमध्ये बसायचा हक्क मिळावा म्हणून ४८ मध्ये त्याने जे भाषण केलं, ते ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेलं ल्योंमध्ये आजही आहे.

त्याच्याच काळात कर गोळा करणाऱ्या एका रोमन माणसाचा नोकर वाऱ्याने भरकटून श्रीलंकेला लागला. तिथल्या राजाने नोकराजवळची रोमन नाणी बघितली. वेगवेगळ्या राजांची असूनही सगळ्यांचं वजन सारखं, हे पाहून तो प्रभावित झाला आणि त्याने क्लॉडियसच्या दरबारात चार वकील पाठवले. ही गोष्ट सांगणारा प्लिनी पुढे तक्रारही करतो की भारताच्या मालापायी रोमचे दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स बाहेर जातात. त्या पैशात तेरच्या कापडाचाही वाटा असणार.

क्लॉडियसचे दोष दोन सांगितले जातात, बायका आणि जेवण. तिसरी बायको मेसालिना हिने तो बाहेरगावी असताना दुसऱ्याशी उघड लग्न लावलं. तिला ४८ मध्ये मृत्युदंड झाला. पुढच्याच वर्षी त्याने ॲग्रिपिनाशी लग्न केलं. ही त्याच्या सख्ख्या भावाची मुलगी. रोमच्या कायद्यात काका-पुतणीचं लग्न बसत नव्हतं, म्हणून कायदा बदलून घेतला. ॲग्रिपिनाला पहिल्या नवऱ्यापासून एक मुलगा होता, नीरो. ५० मध्ये क्लॉडियसने त्याला दत्तक घेतलं. स्वतःचा मुलगा ब्रिटानिकस घरात होता, पण तो नीरोपेक्षा तीन वर्षांनी लहान. ५४ च्या शरदात ब्रिटानिकस चौदाव्या वर्षाकडे आला होता आणि बाप पुन्हा त्याच्याकडे झुकू लागल्याची कुजबुज राजवाड्यात सुरू झाली. ॲग्रिपिनाकडे वेळ कमी होता.

आता जेवण. एकदा न्यायनिवाडा करताना शेजारच्या देवळातून पुजाऱ्यांच्या पंगतीचा वास आला, तर हा न्यायासनावरून उठून थेट पंगतीत जाऊन बसला. रोज इतकं खायचा आणि प्यायचा की शेवटी आडवा होऊन झोपायचा आणि पोट मोकळं करायला त्याच्या घशात पीस घालावं लागायचं. हे पीस लक्षात ठेवायला हवं, ते पुढे परत येतं. आणि सगळ्या पदार्थांत त्याचा जीव अळंबीवर.

रोमन लोक जिला बोलेटस म्हणायचे, ती आजची सीझरची अळंबी. शास्त्रीय नाव अमानिटा सिझेरिया. दक्षिण युरोपात ओक आणि चेस्टनटच्या झाडांखाली उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदातल्या पहिल्या पावसानंतर ती येते. श्रीमंत रोमन घरांत ती शिजवायला वेगळं भांडं असायचं. आता अडचण अशी की, याच अमानिटा कुळात, अशाच झाडांखाली, त्याच दिवसांत अमानिटा फॅलॉइडिस उगवते. इंग्रजीत तिला डेथ कॅप म्हणतात. जगात अळंबी खाऊन जे लोक मरतात, त्यातले बहुतेक या एका जातीने आणि तिच्या जवळच्या नातेवाइकांनी मरतात.

दोघींचं अंग एकाच साच्यातलं. देठावर कडं, बुडाशी पांढरी पिशवी, वर छत्री. पूर्ण उमललेल्या दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक कळतो. सीझरच्या अळंबीची छत्री भगवी आणि छत्रीखालचे पातळ पडदे आणि देठ पिवळे. डेथ कॅपची छत्री हिरवट-पिवळसर, कधी जवळजवळ पांढरी, आणि पडदे पांढरे. पण कोवळी अळंबी कोंबडीच्या अंड्यासारखी पिशवीत बंद असते, आणि तेव्हा दोघी सारख्याच दिसतात. उभी चिरून आतला रंग बघितल्याशिवाय कळायला मार्ग नसतो. बुडाची पिशवी मातीत असते. वरच्या वर देठ मोडून आणलं तर सगळ्यात महत्त्वाची खूण जंगलातच राहते. रश्श्यात शिजली की मग रंगही गेला.

चव काही सांगेल असं वाटत असेल तर तेही नाही. डेथ कॅप खाऊन वाचलेल्यांनी ती चवदार होती असंच सांगितलं आहे. तिचं विष उकळून जात नाही, वाळवून जात नाही. एक अळंबी मोठ्या माणसाला पुरते.

खुद्द प्लिनीनेही ओळखायच्या खुणा लिहून ठेवल्या आहेत. बुडाच्या पिशवीचं वर्णन त्याने बरोबर केलं आहे, पण त्याच दमात तो सांगतो की जवळ गंजलेला खिळा किंवा कुजकं फडकं असेल, अथवा सापाचा फुत्कार लागला असेल तर चांगली अळंबी विषारी होते. आपल्याकडचे चांदीचा चमचा काळा पडतो का बघा, लसूण टाकून बघा, किडा लागलेली असेल तर चालते, हे सल्ले याच जातकुळीतले. अमानिटाच्या विषाने चांदी काळी पडत नाही, आणि डेथ कॅप गोगलगायी आरामात खातात. हा प्लिनी ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेला. त्याच उद्रेकात पाँपेई शहर गाडलं गेलं आणि १९३८ मध्ये तिथे हस्तिदंताची एक भारतीय बाहुली सापडली. तिच्याशी नातं सांगणारी हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली आहे.

धाराशिवच्या जंगलात ओक नाही, त्यामुळे क्लॉडियसच्या ताटातली जोडी इथे नाही. पण फसवणाऱ्या जोड्या सगळीकडे आहेत. इनोकी नावाच्या पांढऱ्या, लांब देठाच्या मशरूमच्या रील्स सध्या सगळ्यांनी बघितल्या असतील. तिची जंगली बहीण युरोपात ऐन हिवाळ्यात, बर्फ असतानाही मेलेल्या झाडांवर येते. नारिंगी चिकट छत्री आणि बुडाकडे काळपट मखमली देठ. त्याच लाकडांवर गॅलरिना नावाची छोटी तपकिरी अळंबी येते, आणि तिच्यात डेथ कॅपचंच विष असतं. हिवाळ्यात मशरूम गोळा करणारे तिकडचे लोक म्हणून एक छत्री रात्रभर कागदावर उपडी ठेवतात. सकाळी कागदावर पांढरी पूड पडली तर ती इनोकीची बहीण असू शकते, गंजासारखी तपकिरी पडली तर ती नक्कीच नाही. पांढऱ्या पुडीनेही एकट्याने भागत नाही, कारण डेथ कॅपची पूडही पांढरीच असते. सगळ्या खुणा एकत्र जुळाव्या लागतात.

आपल्या भागात हिवाळ्यात जमीन कोरडी पडते, जुन्या खोडांवर लाकडासारख्या कडक अळंब्या तेवढ्या टिकतात. खाण्याचा धोका पावसाळ्यातला. भारतासह सगळ्या उष्ण देशांत गवताळ रानात पावसानंतर ताटाएवढी पांढरी, वर तपकिरी खवले असलेली एक अळंबी येते, क्लोरोफायलम. दिसायला खाण्याच्या एका जातीसारखीच. हिचे पडदे आधी पांढरे असतात, जून झाले की हिरवट होतात, आणि कागदावर पडणारी पूडही हिरवट. खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. त्रास भयंकर, पण लवकर होतो, म्हणून माणूस दवाखाना गाठतो. अमानिटाचं उलटं आहे. सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, माणूस घरी जातो आणि तोवर आत यकृत निकामी होत असतं. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये जंगली अळंबी खाऊन १३ जण गेले, त्यात चहाच्या मळ्यांतली कुटुंबं होती. डॉक्टरकडे जाताना उरलेली अळंबी किंवा तिचा तुकडा सोबत नेला तर उपचाराची दिशा ठरवायला मदत होते.

तर १२ ऑक्टोबर ५४ ची रात्र. पदार्थ चाखून देणारा हॅलोटस नावाचा सेवक पंगतीला हजर होता. विष पुरवणारी बाई लोकुस्टा, जिला विषप्रयोगाबद्दल आधीच शिक्षा झालेली होती. इतिहासकार कॅसियस डिओच्या म्हणण्याप्रमाणे ॲग्रिपिनाने एकाच ताटातल्या अळंब्या स्वतःही खाल्ल्या आणि त्यातली सगळ्यात मोठी, देखणी होती ती नवऱ्यापुढे सरकवली. विष तेवढ्या एकीतच होतं. क्लॉडियसला उचलून खोलीत नेलं. रोजच तो असा नेला जायचा, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

टॅसिटसची हकीकत याहून भयंकर आहे. क्लॉडियसचं पोट मोकळं झालं आणि तो वाचतोय असं दिसू लागलं. ॲग्रिपिना घाबरली. तिने घरचा वैद्य झेनोफोन याला बोलावलं. त्याने ओकारी काढायच्या निमित्ताने नेहमीचं पीस घशात घातलं, पण या वेळी पिसाला जलद विष लावलेलं होतं. १३ ऑक्टोबरला पहाटे क्लॉडियस गेला. वय ६३.

खरंच अळंबीनेच मेला का? इथे हिशोब जुळत नाही. डेथ कॅप असती तर पहिली रात्र त्याने शांत झोपून काढली असती आणि मरायला काही दिवस लागले असते. हा एका रात्रीत गेला. अळंब्यांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेला अमेरिकन बँकर गॉर्डन वॉसन याने डेथ कॅपच होती असं मांडलं आणि उरलेलं काम वैद्याच्या दुसऱ्या विषाने झालं असं म्हटलं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठातल्या डॉक्टरांच्या परिषदेत ही केस जुन्या रुग्णासारखी चर्चेला घेतली, तेव्हा मस्करिन नावाच्या विषाकडे बोट गेलं. ते काही वेगळ्या अळंब्यांत असतं आणि अर्ध्या-एक तासात घाम, लाळ, उलट्या सुरू करतं. पुढच्याच वर्षी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात याच्या उलट लिहिलं गेलं, की ६३ वर्षांचा, खाण्यापिण्याचा अतिरेक करणारा, आधीच आजारी माणूस मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या विकारानेही जाऊ शकतो. टॅसिटस, स्युटोनियस आणि डिओ या तिघांनीही ही हकीकत घटनेनंतर कित्येक वर्षांनी लिहिली. पण मृत्यूचा फायदा कुणाला झाला आणि तो कसा लपवला गेला, हे बघितलं की संशय ॲग्रिपिनावरून हटत नाही.

कारण क्लॉडियस मेल्यावरही काही तास तो जिवंत असल्याचं नाटक चाललं. त्याची करमणूक करायला म्हणून विनोदी नट राजवाड्यात बोलावले. ज्योतिषांनी सांगितलेली शुभ वेळ होईपर्यंत ब्रिटानिकसला ॲग्रिपिनाने मायेने जवळ धरून खोलीत अडकवून ठेवलं. दुपारी दरवाजे उघडले आणि १६ वर्षांचा नीरो सम्राट म्हणून बाहेर आला.

सिनेटने क्लॉडियसला देव घोषित केलं. नीरो पुढे गमतीने म्हणायचा की अळंबी हे देवांचं अन्न आहे, कारण ती खाऊन क्लॉडियस देव झाला. तत्त्वज्ञ सेनेकाने तर मेलेल्या सम्राटाचा देवाऐवजी भोपळा झाला अशा नावाचं प्रहसन लिहिलं. ज्यांनी त्याची पंगतीत चेष्टा केली होती, त्यांच्या पुढच्या पिढीने ती मेल्यावरही चालू ठेवली.

चारच महिन्यांत ब्रिटानिकस जेवणाच्या पंगतीत कोसळला. त्यामागेही लोकुस्टाच होती असं सांगतात. नीरोने तिला जमीनजुमला दिला आणि विद्या शिकवायला शिष्यही दिले. ५९ मध्ये नीरोने आपली आई ॲग्रिपिना हिला मारून टाकलं, ६८ मध्ये नीरोने स्वतःचा गळा चिरून घेतला आणि नव्या सम्राटाने, गाल्बाने, लोकुस्टाला रोमभर फिरवून ठार केलं.

पदार्थ चाखून देणारा हॅलोटस मात्र वाचला. नीरोच्या माणसांत त्याचा जीव मागणारे लोक खूप होते, तरी गाल्बाने त्याला हात लावला नाही. उलट चांगल्या कमाईची सरकारी नोकरी दिली.